पहिला रंधा: कोणता घ्यावा, कसा लावावा, कसा मारावा

जुलैत दारं चौकटीला घासायला लागली की कोल्हापुरात घरोघरी रंध्याची आठवण होते. माळ्यावरचा रंधा खाली येतो, दाराच्या कडेवर दोन-चार वेळा रेटला जातो, लाकूड ओरबाडतं आणि ‘हल्लीच्या रंध्यांत राम राहिला नाही’ असा निकाल लागतो. बहुतेक वेळा बिचाऱ्या रंध्याचा काही दोष नसतो. पातं बोथट असतं, नाहीतर पात्यावरची कॅप (पात्याच्या पाठीवर आवळून बसवलेली लोखंडी पट्टी) नीट बसलेली नसते, नाहीतर लाकडाची नस (धाग्यांची दिशा) उलटी असते. या तीन गोष्टी जमल्या तर साध्या रंध्यानेही सागवानावर आरसा काढता येतो. त्या जमल्या नाहीत तर कितीही महागडा रंधा फुकट.

कोणता घ्यावा

बिडाच्या रंध्यांवर ३, ४, ५, ६, ७ असे नंबर असतात. ही पद्धत अमेरिकेतल्या स्टॅनले कंपनीची. लिओनार्ड बेलीची रंध्याची पेटंटं या कंपनीने १८६९ मध्ये घेतली, आणि आज दुकानात मिळणारा जवळजवळ प्रत्येक बिडाचा रंधा त्याच रचनेवर बेतलेला असतो. शेफील्डच्या रिकॉर्ड कंपनीनेही हेच नंबर ठेवले. नंबर ४ साधारण साडेनऊ इंच लांब, शेवटची सफाई करणारा. नंबर ५ म्हणजे जॅक रंधा, १४ इंच. या दोन्हींचं पातं २ इंच रुंद. नंबर ७ बावीस इंचांचा, पातं तीन सूत जास्त रुंद म्हणजे २ इंच ३ सूत. तो लांब फळ्यांच्या कडा जोडासाठी सरळ करायला. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुमारे ३ मिमी. वखारीत आणि सुतारकामात अजून हेच माप चालतं.)

पहिला रंधा एकच घ्यायचा असेल तर नंबर ५ घ्या, आणि त्याच मापाचं एक जादा पातं घ्या. एक पातं गोलसर धारेचं, खरडून लाकूड काढायला. दुसरं सरळ धारेचं, सफाईला. पातं बदललं की तोच रंधा दोन रंध्यांचं काम करतो. दाराची कड, टेबलाची फळी, चौरंगाचे पाय, सगळं यात होतं. दुसरा रंधा म्हणून हातात मावणारा ब्लॉक रंधा घ्यावा. कोर मारायला (कडेचा कोपरा तिरका कापायला) आणि फळीच्या टोकाला तो हवाच. नंबर ७ ची घाई नको. सहा फुटी फळ्या जोडायची वेळ येईल तेव्हा बघू.

देशी लाकडी रंधा कमी लेखू नये. तो हलका असतो, गंजत नाही आणि त्याचं पातं सहसा जाड असल्यामुळे थरथरतही कमी. पण तो हातोडीच्या ठोक्यांनी लावावा लागतो, आणि ते अंगवळणी पडायला वेळ लागतो. पावसाळ्यात त्याचं लाकूड फुगून पाचर जाम होते. वापरून वापरून तळ झिजला की तोंड, म्हणजे तळातली पातं बाहेर येण्याची फट, रुंद होतं. मग तोंडापुढे कठीण लाकडाचा तुकडा बसवून घ्यावा लागतो. नवशिक्याने बिडाच्या रंध्यावर हात बसवावा आणि मग लाकडी घ्यावा.

दुकानात काय बघायचं

लक्ष्मीपुरी-शाहूपुरीतल्या हार्डवेअरच्या दुकानात जाताना खिशात सहा इंची स्टीलची पट्टी ठेवा. रंधा उलटा करून पट्टीची कड तळावर उभी धरा आणि उजेडाकडे बघा. तळाच्या मधोमध, मूठ आणि तोंडाच्या दरम्यान थोडा उजेड दिसला तरी चालतो. पण तोंडाच्या लगेच पुढे पोकळ असेल तर तो रंधा परत ठेवा, कारण पात्याच्या पुढ्यात लाकूड दाबून धरणारा भागच तिथे नसतो आणि मग सफाई येत नाही.

पातं-कॅप काढून फ्रॉग बघा. म्हणजे पातं ज्या तिरक्या भागावर टेकतं तो. त्याचे स्क्रू आवळलेले असताना तो तसूभरही हलता कामा नये. तोंडाची पुढची कड सरळ हवी. पातं आत-बाहेर करणारं पितळी चाक दोन्हीकडे फिरवा. अर्धा-पाऊण फेरा रिकामा जाणं नेहमीचं आहे, तीन-तीन फेरे रिकामे जात असतील तर रोज डोक्याला ताप. पात्याची पाठ, म्हणजे उतार नसलेली बाजू, गंजाने खड्डे पडलेली नको. धारेजवळ खड्डा असेल तर तिथे धार कधीच पूर्ण होणार नाही.

जुना रंधा घेताना मडकं घ्यावं तसा वाजवून घ्या. सगळे भाग काढून नुसता बिडाचा सांगाडा बोटावर तोलून किल्लीने टकटक करा. अख्खं बीड खणखणतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. तडे बहुधा तोंडाच्या कोपऱ्यांतून बाजूच्या भिंतीत जातात. वेल्डिंग केलेला तळ स्वस्तात मिळाला तरी घेऊ नये. तो उष्णतेने वाकलेला असतो.

तळ सरळ करणे

नवा रंधाही थेट वापरण्याजोगा क्वचितच असतो. ओट्याचं काम करणाऱ्यांकडून ग्रॅनाइटचा दोन फुटी सपाट तुकडा आणा, किंवा १० ते १२ मिमी जाड काच. त्यावर ८० नंबरचा एमरी कागद चिकटवा. पातं जागेवर हवं, लिव्हर (पातं आणि कॅप दाबून धरणारा) नेहमीसारखा आवळलेला हवा, फक्त धार आत ओढून घेतलेली. हे विसरू नका, कारण लिव्हरच्या दाबाने तळ किंचित वाकतो आणि तो वाकलेल्या स्थितीतच सरळ करायचा असतो.

तळावर मार्करने आडव्या रेघा मारा, दोन्ही हातांनी मध्यावर दाब देऊन दहा-बारा वेळा पुढे-मागे घासा आणि बघा. जिथे शाई उरली तो भाग खोल. पुढचं टोक, तोंडाची पुढची कड आणि मागचं टोक या तीन ठिकाणची शाई गेली की पुरे. मग १२०, १८०, २२०. अख्खा तळ चकचकीत करायच्या नादाला लागू नये, त्यात दुपार जाते आणि कामात फरक पडत नाही.

तळ फारच पिळलेला असेल तर शिवाजी उद्यमनगरात सरफेस ग्राइंडिंग करून घेता येतं. बिडाच्या कामाला कोल्हापूरसारखी जागा शोधून सापडणार नाही. पण कारागिराला दोन गोष्टी सांगा. शिकंज्यात रंध्याच्या भिंती फार आवळू नका. आवळल्या तर तळ फुगतो, तसाच घासला जातो आणि सोडल्यावर पोकळ निघतो. आणि गरजेपुरतंच काढा. तोंडाजवळ बीड पातळ असतं.

धार

अर्धं काम इथे आहे, म्हणून हा भाग घाईने वाचू नका.

आधी पाठ. धारेलगतचा फक्त १० ते १२ मिमी पट्टा सपाट आणि चकचकीत हवा, बाकी पाठ कशीही असो. काचेवर वॉटर पेपर चिकटवून ४००, ८००, १५०० अशी पाठ पूर्ण टेकवून घासा. मागची बाजू चुकूनही उचलू नका. उचललीत तर धारेला गोलाई येईल आणि कॅप तिच्यावर बसणार नाही. हे काम पात्याच्या आयुष्यात एकदाच करायचं.

मग उतार. मूळ उतार २५ अंशांचा. कोनमापक नसेल तर सोपी खूण: उताराची लांबी पात्याच्या जाडीच्या २.४ पट. २ मिमी जाड पात्याला उतार पावणेपाच मिमी. धारेला खांडवे पडले नसतील तर ग्राइंडरची गरजच नाही. पडले असतील तर ग्राइंडरवर हलका हात, दर दोन-तीन सेकंदांनी पाण्यात बुडवणं, आणि डोळा रंगावर. धारेवर निळी छटा आली की पोलादाचं पाणी उतरलं. तो भाग मऊ झाला, त्याची धार पाच मिनिटंही टिकणार नाही. निळा भाग संपेपर्यंत हळूहळू मागे घासत जाण्यावाचून इलाज नाही.

निसण्यावर मात्र ३० अंशांनी, फक्त टोकाशी अरुंद पट्टी पडेल एवढंच. त्यामुळे दर वेळी अख्खा उतार घासावा लागत नाही. चाकाचं होनिंग गाइड घेतलंत तर कोन आपोआप येतो: बाजूंनी पकडणाऱ्या नेहमीच्या गाइडमधून पातं ५० मिमी पुढे काढलं की २५ अंश, ३८ मिमी काढलं की ३०. ही दोन मापं बाकावर लाकडी ठोकळे ठोकून कायमची करून ठेवा.

दुकानात सर्रास मिळणारा दुतोंडी कार्बोरंडम दगड खांडवे काढायला ठीक आहे, पण त्याची बारीक बाजूसुद्धा रंध्याला भरड पडते. पुढे १००० चा आणि ४००० ते ६००० चा पाण्याचा दगड, किंवा काचेवर ८००, १२००, २००० चा वॉटर पेपर. कागदावर पातं फक्त मागे ओढायचं. पुढे ढकललं तर कागद फाटेल.

खरखरीत टप्प्यावर घासताना पाठीच्या बाजूला अंगठा धारेकडे हलकेच नेऊन बघा. धारेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बारीक कंगोरा लागला पाहिजे. जिथे लागत नाही तिथे धार पोचलेलीच नाही. पुढच्या दगडावर जाऊन ती येणार नाही. तेव्हा कंगोरा येईपर्यंत तिथेच थांबा. बारीक दगडावर उतार आणि पाठ आळीपाळीने घासून हा कंगोरा काढून टाका.

शेवटी कातडं. चपलांच्या कारागिराकडे कोल्हापुरी चपलेच्या कातड्याचे तुकडे मिळतात. जाड, घट्ट आणि ताठ. एखादा पट्टीवर चिकटवा, वर बफिंगचा हिरवा साबण घासा आणि पातं दोन्ही बाजूंनी आठ-दहा वेळा मागे ओढा. ताकद लावू नका. कातडं दबलं की धार गोल होते.

परीक्षा हातावरच्या केसांवर घेतात, पण लाकडावर घेतलेली बरी. पाइनच्या तुकड्याच्या टोकाला, आडव्या नसेवर, पातं हातात धरून पातळ काप काढा. कापलेली जागा गुळगुळीत आणि गडद दिसली तर धार आली. पांढुरकी, भुसभुशीत दिसली तर परत निसण्यावर.

खरडायच्या पात्याची धार कमानदार असते. २५० मिमी त्रिज्येचा कंस पात्यावर आखा. २ इंची पात्याच्या कडा मध्यापेक्षा सव्वा मिमी मागे जातात. त्यामुळे जाड साल (रंध्यातून निघणारा लाकडाचा काप) काढताना कोपरे लाकडात रुतत नाहीत. सफाईच्या पात्याला एवढी कमान नको; फक्त कोपऱ्यांवर चार-पाच ओढी जास्त.

पातं बसवणे

कॅप पात्यावर ठेवून उजेडाकडे धरा. कॅपची कड आणि पात्याची पाठ यांत केसाइतकीही फट नको. फट असली की साल तिच्यात शिरते, तोंड तुंबतं, आणि माणूस तोंड कानशीने रुंद करायला निघतो. तोंडाला हात लावू नका. कॅपची कड निसण्यावर सपाट करा.

कॅप धारेच्या किती मागे ठेवायची, हा रंध्यातला सगळ्यात दुर्लक्षित भाग. खरडायच्या कमानदार पात्याला दीड मिमी. सफाईला अर्धा मिमी. उलटसुलट नसेच्या लाकडाला आणखी पुढे, जवळजवळ धारेला भिडवून, ०.२ मिमीच्या आसपास. एवढ्या जवळ असली की कॅप साल उगवतानाच मोडते आणि ती साल पुढचं लाकूड उचकटून काढू शकत नाही. रंधा मात्र जड चालतो, तळाला मेणबत्ती घासावी लागते. उतार कॅपच्या विरुद्ध, खालच्या बाजूला. हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते.

पातं जागेवर ठेवून लिव्हर दाबा. तो अंगठ्याने बसावा. हातोडी लागत असेल तर मधला स्क्रू पाव फेरा ढिला करा. आता रंधा उलटा धरून, पुढच्या टोकाकडून तळाच्या सपाटीत बघा, मागे पांढरा कागद ठेवा. चाक फिरवत जा. धार काळ्या केसासारखी वर येईल. एका बाजूला जास्त दिसली तर पातं डावी-उजवीकडे कलवणारा बाजूचा लिव्हर हलवा. मग धार आत घ्या आणि लाकडाच्या तुकड्यावर रंधा चालवत पाव-पाव फेऱ्याने बाहेर काढा. चाक नेहमी पातं बाहेर काढण्याच्या दिशेने फिरवूनच थांबायचं. उलट फिरवून थांबलात तर आट्यांतला ढिलेपणा पात्यामागे राहतो आणि पहिल्याच गाठीला पातं आत सरकतं.

लाकडी रंध्यात पात्याच्या डोक्यावर हलका ठोका दिला की धार बाहेर, रंध्याच्या मागच्या टोकावर दिला की आत. प्रत्येक ठोक्यानंतर पाचर पुन्हा एकदा हलकेच आवळा. पाचर जोरात ठोकली तर रंध्याचे गाल फुटतात.

साल किती जाड हवी? खरडताना ०.३ मिमीपर्यंत, सफाईला वर्तमानपत्राच्या कागदापेक्षा पातळ.

लाकूड

कोल्हापुरात जुने वाडे उतरवले की त्यातलं सागवान विकायला येतं, आणि ते घ्यावंच, कारण ते पूर्ण मुरलेलं असतं. पण रंध्याखाली घालण्याआधी स्पीकरमधलं जाड चुंबक दोरीला बांधून फळीवरून इंच-इंच फिरवा. डोकं तुटून आत राहिलेला एक खिळा तासाभराची धार खातो. नंतर तारेच्या ब्रशने माती-चुना झाडा. सागवानात मुळातच सिलिका असते, त्यामुळे ते मऊ वाटलं तरी धार लवकर जाते. दर वीस-पंचवीस मिनिटांनी कातड्यावर ओढी मारा. शिसम आणि बाभूळ कठीण, आणि त्यांची नस पट्ट्यापट्ट्यांनी दिशा बदलते: तिथे कॅप भिडवलेली हवी. आंबा आणि फणस सोपे. प्लायवूडवर हाताचा रंधा मारू नका. त्यातल्या गोंदाने धार जाते.

नसेची दिशा फळीच्या कडेवर बघा. कडेवरच्या रेघा ज्या बाजूला पृष्ठभागाकडे चढत जातात, त्या बाजूला रंधा न्या. बैलाच्या पाठीवरून शेपटीकडे हात फिरवला तर केस बसतात, उलट फिरवला तर उभे राहतात; तसंच. शंका असेल तर पातळ साल घेऊन एक हात मारा. खरखर आवाज आला आणि पृष्ठभाग उचकला तर फळी फिरवा. गाठीभोवती नस दोन्हीकडून चढते, तिथे रंधा तिरपा धरा.

फळी सपाट करण्याचा क्रम

1. फळीच्या दोन टोकांवर दोन सारख्या सरळ पट्ट्या आडव्या ठेवा आणि एकीच्या कडेवरून दुसरीची कड बघा. कडा समांतर दिसल्या नाहीत तर फळीला पीळ आहे. उंच कोपरे पेन्सिलने खुणा.
2. फळी बाकावर डुगडुगत असेल तर खाली पाचरी सारा, नाहीतर दाबाने ती वाकेल आणि रंधा उचलला की परत वर येईल.
3. कमानदार पात्याने आधी आडवं, नसेला काटकोनात. लाकूड सर्वांत वेगाने असं निघतं आणि उचकतही कमी. पलीकडची कड तुटू नये म्हणून तिला आधी छोटी कोर मारा.
4. पीळ गेला की तिरपं, दोन्ही कर्णांच्या दिशेने. पट्टीने तपासत राहा.
5. सरळ धारेचं पातं घालून नसेच्या दिशेने. प्रत्येक हात आधीच्यावर थोडा चढवून.

हात मारताना सुरुवातीला दाब पुढच्या मुठीवर, मध्ये दोन्हींवर, शेवटी फक्त मागच्या मुठीवर. शेवटी पुढचा हात दाबून राहिला की रंधा टोकावरून खाली कलतो. फळीच्या टोकांना उतार पडतो, मध्ये कुबड राहतं. ताकद खांद्यातून नव्हे, पायांतून यायला हवी. बाकाची उंची उभं राहिल्यावर मनगटाच्या आसपास ठेवा. खाली बसून रंधणाऱ्याला फळीपुढे भक्कम आड हवा.

कड रंधताना पुढच्या हाताची बोटं तळाखालून फळीच्या बाजूला टेकवून चालवा, म्हणजे रंधा कलत नाही. फळीच्या टोकावर, आडव्या नसेवर, दोन्ही कडांकडून मध्याकडे या. एकाच दिशेने आरपार गेलात तर पलीकडून ढलपी उडेल. ब्लॉक रंधा इथे बरा, कारण कमी कोनाच्या प्रकारात पातं १२ अंशांवर टेकतं आणि धारेचे २५ धरून ३७ अंशांनी कापतं. जॅक रंध्याचा कोन ४५.

बिघाड कुठे शोधायचा

रंधा थरथरतो आणि लाकडावर लाटा उमटतात: फ्रॉगचे स्क्रू ढिले, नाहीतर पात्यामागे भुसा अडकलेला, नाहीतर साल फार जाड. पृष्ठभागावर लांब समांतर रेघा: पात्याचे कोपरे रुततायत, ते गोल करा, एकच बारीक उंच रेघ असेल तर धारेला खांडवा आहे. साल तोंडात चुरगळते: कॅपखाली फट. रंधा टोकांना कापतो, मध्ये नाही: फळी मध्ये खोल आहे, रंधा खरं सांगतोय, कापत राहा. मुळीच कापत नाही आणि दाबल्यावर एकदम रुततो: धार गेली. लाकूड सगळीकडेच उचकतं: फळी फिरवा, मग धार, मग कॅप पुढे, साल पातळ. याच क्रमाने.

आता ते दार

लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाही. सागवानातला ओलावा एका टक्क्याने वाढला की आडव्या चिरलेल्या फळीची रुंदी साधारण ०.२ टक्क्याने वाढते. अडीच फुटी, फळ्या जोडून केलेल्या जुन्या दारात पावसाळ्यात चार टक्के ओलावा चढला तर ते सुमारे ६ मिमी, म्हणजे दोन सूत फुगतं. हे दोन सूत जुलैत रंधून काढले तर एप्रिलमध्ये तेवढी फट पडणार, आणि मग पट्टी ठोकत बसायचं.

म्हणून आधी बिजागऱ्या बघा. वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले झाले की दार खाली झुकतं आणि कुलपाच्या बाजूला, वरच्या कोपऱ्यात, घासतं. तिथे रंध्याचं कामच नाही, लांब स्क्रूचं आहे. खरंच फुगलं असेल तर चौकटीच्या आतल्या कडेला खडू लावा, दार चार-पाच वेळा लावा-उघडा. खडू उमटला तेवढ्याच जागा, अर्धा सूत, जास्तीत जास्त. खिळे आणि कुलपाची पट्टी आधी काढा. दिवाळीनंतर लाकूड सुकलं की दार उतरवून उरलेली मापं घ्या आणि चारही कडांना, विशेषतः कोणी बघत नाही त्या वरच्या आणि खालच्या कडेला, पॉलिश किंवा रंगाचे दोन हात द्या. पाणी तिथूनच शिरतं.

रंधा ठेवताना मात्र पावसाळ्याचा विचार बाराही महिने करावा. काम संपलं की धार आत घ्या, तळ आणि भिंतींवर शिलाई मशीनच्या तेलाचं फडकं फिरवा. खोबरेल नको, ते चिकट होऊन भुसा धरतं. घामाच्या हाताचे ठसे दोन दिवसांत गंजाचे ठसे होतात. रंधा लाकडी पट्टीवर ठेवा, थेट फरशीवर नको. खाली पडला तर बीड वाकत नाही, फुटतं. जुना गंज रॉकेल आणि ४०० च्या वॉटर पेपरने निघतो. पेटीत कापराच्या दोन वड्या टाका, त्या उडून संपल्या की नव्या.